कागदी कार्डं आणि एक कॅमेरा : सभागृहाला संगणकाशी बोलतं करण्याची कृती

साठ जणांच्या सभागृहात वक्ता विचारतो, "किती जणांना पटलं?" दहा-बारा हात वर होतात, त्यातले काही शेजाऱ्याचा हात बघून. वक्त्याच्या हातात रिमोट आहे, पुढ्यात लॅपटॉप आहे. श्रोत्यांच्या हातात मात्र काहीच नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे मोबाइलवरून मतदान. ते चालतं, पण सगळ्यांकडे फोन आहे, सगळ्यांना नेटवर्क आहे आणि सगळ्यांची बॅटरी शिल्लक आहे, हे तिन्ही एकाच वेळी जमून आलं तरच. शाळेत बहुधा फोन आणायलाच बंदी असते. शिवाय मत द्यायला हातात घेतलेला फोन मत देऊन झाल्यावर खिशात परत जाईलच असं नाही. रेडिओवर चालणारे बटणांचे क्लिकर मिळतात आणि ते भरवशाचे असतात, पण साठ क्लिकर म्हणजे साठ बॅटऱ्या सांभाळणं आणि कार्यक्रम संपल्यावर साठ वस्तू मोजून परत घेणं.

इथे दिलेली कृती तिसऱ्या मार्गाची आहे : प्रत्येकाच्या हातात एक छापील चौकोनी कार्ड आणि पडद्याजवळ श्रोत्यांकडे तोंड केलेला एक कॅमेरा. कार्डाची जी बाजू वर धरली, ते उत्तर. याच तत्त्वावरची 'प्लिकर्स' नावाची तयार सेवा शाळांमध्ये वापरली जाते. त्यात शिक्षक आपल्या फोनने वर्गातली कार्डं टिपतात. वर्गात फक्त चार पर्यायांचे प्रश्न विचारायचे असतील तर खुशाल तीच घ्या. स्वतः बनवण्यात अर्थ आहे तो प्रतिसाद थेट तुमच्या स्लाइडवर दिसायला हवा असेल तर, किंवा मतदानापलीकडचं काही करून बघायचं असेल तर.

कल्पना जुनी आहे. १९९१ साली लास व्हेगासला भरलेल्या सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत लॉरेन कार्पेंटर या संगणकतज्ज्ञाने हजारो प्रेक्षकांच्या हातात काठीला लावलेल्या फळ्या दिल्या, एक बाजू लाल, दुसरी हिरवी. कॅमेरा रंग मोजत होता, आणि डाव्या-उजव्या बाजूचे प्रेक्षक समोरासमोर पडद्यावर 'पाँग' हा खेळ खेळले. तिथे फळी कोणाची याला महत्त्व नव्हतं, फक्त बेरीज हवी होती. आपल्याला बेरीजही हवी आहे आणि कार्ड कोणाचं हेही, म्हणून रंगाऐवजी नक्षी.

कार्ड

नक्षीसाठी अरुको मार्कर वापरा. काळ्या जाड चौकटीत काळी-पांढरी घरं असं त्याचं रूप असतं. स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठात तो विकसित झाला आणि ओपनसीव्ही या, संगणकाला चित्रं वाचता यावीत म्हणून बनवलेल्या मोफत प्रोग्रॅम-लायब्ररीत त्याची सगळी साधनं तयार मिळतात. क्यूआर कोड इथे उपयोगाचा नाही : त्यात माहिती जास्त, म्हणून घरं बारीक, आणि बारीक घरं शेवटच्या रांगेतून दिसत नाहीत. आपल्याला फक्त 'मी क्रमांक ३७' एवढंच सांगणारी नक्षी हवी.

मार्करचे वेगवेगळे संच असतात. ४×४ घरांचा संच घ्या, आणि त्यातही तुमच्या गरजेला पुरेल इतका लहान : पन्नासपर्यंत माणसं असतील तर पन्नासचा, साठ असतील तर शंभरचा. हजारचा संच 'असू दे जास्तीचा' म्हणून घेऊ नका. संच जितका लहान, तितक्या त्यातल्या नक्ष्या एकमेकींपासून वेगळ्या, आणि अंधुक चित्रात एकीला दुसरी समजण्याची शक्यता तितकी कमी.

४×४ची नक्षी आणि भोवती एक-एक घराची काळी चौकट मिळून कडेने सहा घरं होतात. ए-फोर कागदावर मार्कर १५ सेंटिमीटरचा छापा, म्हणजे एक घर अडीच सेंटिमीटरचं. भोवती चारही बाजूंना एका घराएवढी, म्हणजे अडीच सेंटिमीटरची पांढरी पट्टी सोडा. एकूण २० सेंटिमीटरचा चौकोन झाला. ए-फोरची रुंदी २१, तेव्हा बरोबर बसतो. कागद वाचवायला ही पांढरी पट्टी कापून टाकण्याचा मोह होतो. तसं केलंत की काळी चौकट गडद शर्टात मिसळते आणि संगणकाला तिची कडच सापडत नाही. कार्ड हातात धरायलाही तीच जागा लागते : दोन्ही हातांनी, कडेकडेने. अंगठा काळ्या चौकटीवर आला की ते कार्ड कॅमेऱ्यापुरतं नाहीसं झालं.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) घ्या. साधा ८० जीएसएमचा कागद हातात वाकतो, चौकोनाच्या कडा सरळ राहत नाहीत, आणि ओळखण्याची पहिली पायरी चार सरळ कडा शोधण्याचीच असते. चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काळ्या भागावर पडून तो पांढरा दिसतो. टिकाऊपणा हवाच असेल तर मॅट लॅमिनेशन. झेरॉक्सच्या दुकानात छापायला देताना 'फिट टू पेज' बंद करून शंभर टक्के आकारात छापायला सांगा आणि पहिला कागद हातात आला की पट्टीने मोजा.

मागच्या बाजूला, म्हणजे कार्ड धरणाऱ्याकडच्या बाजूला, चार कडांजवळ अ, ब, क, ड ही अक्षरं छापा. प्रत्येक अक्षर आपली कड वर आल्यावर सरळ वाचता यावं, असं. अक्षराची उंची सेंटिमीटरभरच ठेवा. मोठं केलं तर शेजाऱ्याला दिसतं. मधोमध कार्डाचा क्रमांक, तो मात्र ठसठशीत.

इथे एक हमखास गोंधळ होतो. समोरून बघताना मार्करची जी डावी कड, ती मागून बघताना उजवी असते. म्हणून पुढच्या बाजूवर घड्याळाच्या दिशेने अ-ब-क-ड हवं असेल तर मागे ती अक्षरं उलट दिशेने यायला हवीत. दुकानदाराने कागद लांब कडेवरून उलटवला की आखूड, यानेही फरक पडतो. यावर डोकं चालवत बसण्यापेक्षा एकच कार्ड छापून चारही बाजूंनी कॅमेऱ्यासमोर धरा आणि कोणत्या बाजूला संगणक काय म्हणतो ते लिहून काढा. सगळी कार्डं छापून झाल्यावर चूक लक्षात आली तरीही, ती सगळ्या कार्डांवर सारखीच असेल तर परत छापू नका. प्रोग्रॅममधला कड आणि अक्षर यांचा तक्ता बदला.

'अ'च्या कडेला मधोमध, पांढऱ्या पट्टीच्याच हद्दीत, एक छोटी खाच कापा. दृष्टिहीन श्रोत्याला बोटाने बाजू कळते, आणि अंधारलेल्या सभागृहात बाकीच्यांनाही.

किती लांबचं दिसेल, याचं गणित

साधारण वेबकॅमचा आडवा दृष्टिकोन ७० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे कॅमेऱ्यापासून जितकं अंतर, त्याच्या १.४ पट रुंदी चित्रात मावते. आठ मीटरवर ११.२ मीटर. चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल तर एका मीटरला १७१ पिक्सेल आले, १५ सेंटिमीटरच्या मार्करला २६, आणि एका घराला चारपेक्षा थोडे जास्त. घरामागे चार पिक्सेल ही आरामाची मर्यादा. तीनवरही काम होतं, पण प्रकाश उत्तम आणि हात स्थिर असेल तर. सभागृहात या दोन्हींची खात्री नसते.

तेव्हा साधा १०८०चा वेबकॅम आणि ए-फोर कार्ड यांची पोच आठ मीटर धरा. ए-थ्रीवर २१ सेंटिमीटरचा मार्कर छापला तर सुमारे ११ मीटर. फोर-के कॅमेरा, किंवा फोर-के चित्र देणारा फोन वापरला तर ए-फोर कार्डानेच १६ मीटरपर्यंत जाता येतं. मोठी कार्डं छापण्यापेक्षा चांगला कॅमेरा मिळवणं बरं. ए-थ्री कार्ड उचललं की मागच्या रांगेला समोरचं काही दिसत नाही.

फोर-के वापरताना एक सेटिंग आठवणीने बदला. ओपनसीव्ही फार लहान चौकोन सुरुवातीलाच गाळून टाकते, आणि ती मर्यादा चित्राच्या मोठ्या बाजूच्या प्रमाणात असते : मार्करचा परीघ किमान ०.०३ पट. १९२० पिक्सेलच्या चित्रात ही मर्यादा साधारण १४ पिक्सेलच्या चौकोनाची होते, तिचा त्रास नाही. ३८४०च्या चित्रात ती २९ पिक्सेलवर जाते, आणि शेवटच्या रांगेतली, खरं तर वाचता येण्याजोगी कार्डं विचारातच घेतली जात नाहीत. चांगला कॅमेरा आणूनही पोच वाढली नाही, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. ०.०३चे ०.०१५ करा.

कॅमेरा टांगण्याची जागा

यातलं अर्धं काम कीबोर्डवर नव्हे, शिडीवर होतं.

उंची आधी ठरवा. बसलेल्या माणसाने कार्डाची खालची कड हनुवटीशी येईल असं धरलं तर त्याची वरची कड जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर येते. आठ मीटरवर बसलेल्या माणसाच्या कार्डावरून, तीन मीटर उंचीच्या कॅमेऱ्याची नजर मागच्या रांगेपर्यंत, म्हणजे आणखी ९० सेंटिमीटर मागे जाईतो, १९ सेंटिमीटर खाली उतरते. म्हणजे मागच्याचं कार्ड १.११ मीटरच्या वर दिसतं, म्हणजेच हनुवटीला धरलेलं जवळजवळ पूर्ण. कॅमेरा २.२ मीटरवर ठेवला तर नजर तेवढ्याच अंतरात फक्त १० सेंटिमीटर उतरते आणि मागचं कार्ड निम्मं झाकलं जातं. चपट्या जमिनीच्या सभागृहात तीन मीटर ही किमान उंची माना. उतरत्या आसनांच्या सभागृहात हा प्रश्नच येत नाही. श्रोत्यांना 'कार्ड डोक्यावर धरा' असं कधीही सांगू नका. एकाचं दिसतं आणि मागच्या दोघांचं जातं. 'खालची कड हनुवटीशी धरा, पडद्याकडे तोंड करून' एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोजेक्टर. छताला टांगलेला प्रोजेक्टर पडद्याकडे प्रकाश फेकतो, आणि पडद्याच्या वर मधोमध लावलेला कॅमेरा नेमका त्याच्या भिंगात बघतो. चित्रभर दुधी पडदा येतो. कॅमेरा पडद्याच्या अर्धा-एक मीटर बाजूला न्या आणि एवढा खाली झुकवा की प्रोजेक्टर चौकटीच्या बाहेर राहील.

यूएसबी २.० केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची. लॅपटॉप त्याहून लांब असेल तर विजेवर चालणारी एक्स्टेन्शन केबल घ्या, दोन साध्या केबली जोडू नका. फोन कॅमेरा म्हणून वापरत असाल तर वायफायवर नव्हे, केबलनेच जोडा.

कॅमेऱ्याच्या तीन सेटिंगा हाताने ठरवाव्या लागतात. ऑटोफोकस बंद करून मधल्या रांगेवर फोकस पक्का करा, नाहीतर समोरून कोणी चालत गेलं की सगळं सभागृह क्षणभर धूसर. चित्राचा प्रकार एमजेपीजी, म्हणजे दाबून लहान केलेला, निवडा. अनेक वेबकॅम न दाबलेलं पूर्ण आकाराचं चित्र यूएसबी २.०वरून सेकंदाला जेमतेम पाच फ्रेमनेच पाठवू शकतात, आणि मग संगणक मंद आहे असं वाटून माणूस नसत्या ठिकाणी शोधत बसतो. तिसरं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फ्रेम किती वेळ उघडी ठेवतो ते. त्याचं सविस्तर पुढे.

प्रकाश

वक्त्याला स्लाइड ठळक हव्या असतात, म्हणून तो सगळे दिवे घालवतो. कॅमेऱ्याला श्रोत्यांवर प्रकाश हवा. दोघांचं समाधान एकाच उपायात आहे : पडद्याजवळच्या दिव्यांची रांग बंद, श्रोत्यांवरची चालू. सभागृह ठरवतानाच या रांगांची बटणं वेगळी आहेत का ते बघून घ्या.

प्रकाश कमी पडला की कॅमेरा आपोआप प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो. हातातलं कार्ड सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हलत असेल तर एक तीसांश सेकंदात ते १७ मिलिमीटर सरकतं, म्हणजे पाऊण घराच्या जवळपास. नक्षी पुसून जाते. तेच एक शतांश सेकंदात पाच मिलिमीटर, ते चालतं. एक शतांश हाच आकडा आपल्याकडे आणखी एका कारणाने सोयीचा आहे : आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. एक शतांश किंवा त्याच्या पटीतलं एक्स्पोजर ठेवलं की चित्रावर सरकणारे काळे पट्टे येत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता ६० असेल तर ५० करा.

श्रोत्यांच्या पाठीमागे उघड्या खिडक्या असतील तर दुपारच्या वेळी कितीही दिवे लावले तरी कार्डं काळीच दिसतात. पडदे ओढा. पडदे नसतील तर कॅमेऱ्याची बाजू बदला.

प्रोग्रॅम

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ओपनसीव्ही, साधा लॅपटॉप. सेकंदाला दहा-पंधरा फ्रेम तपासता आल्या तरी मतदानाला पुरे. ओपनसीव्हीची ४.७ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. या आवृत्तीपासून अरुको मुख्य लायब्ररीत आलं आणि काही जुन्या आज्ञांची नावं व पद्धत बदलली. इंटरनेटवरचे बरेचसे नमुने त्याआधीचे असल्यामुळे जसेच्या तसे उतरवले तर पहिल्याच ओळीला अडतात.

ओपनसीव्हीतला मार्करचा शोधक प्रत्येक मार्करचा क्रमांक आणि चार कोपरे देतो. कोपऱ्यांचा क्रम मार्करच्या मूळ वरच्या-डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने असतो, कार्ड कसंही फिरवलेलं असलं तरी. म्हणजे चौथ्या कोपऱ्याकडून पहिल्याकडे जाणारी रेघ ही मार्करची 'वर'ची दिशा. तिचा कोन काढा. चित्रात खाली जाताना वाय वाढतो, गणिताच्या वहीत वर जाताना. ही खूण विसरलात तर ब आणि ड बरोबर येतात आणि अ-क ची अदलाबदल होते. चार दिशांच्या आजूबाजूला तीस-तीस अंश स्वीकारा. मधल्या तिरप्या भागात आलेलं कार्ड सरळ सोडून द्या. तिरपं कार्ड म्हणजे अजून विचार चाललेला माणूस.

कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटलेलं नको. व्हिडिओ कॉलच्या सवयीने काही कॅमेरा-अ‍ॅप ते उलटवतात, आणि उलटलेली नक्षी एकतर ओळखलीच जात नाही किंवा भलत्याच क्रमांकाची म्हणून ओळखली जाते.

एका फ्रेमवर विश्वास ठेवू नका. गेल्या आठ फ्रेमपैकी पाचांत तेच कार्ड त्याच बाजूने दिसलं तर मत नोंदवा. नोंदवलेलं मत कार्ड खाली गेल्यावरही राहू द्या, कारण कोणी दोन मिनिटं हात वर धरून बसत नाही. मत बदलण्याची अट मात्र जास्त कडक हवी : नवी बाजू किमान एक सेकंद सलग. याचं कारण हातांच्या सवयीत आहे. बरेच जण कार्ड खाली घेताना मनगट वळवतात, आणि त्या वळणात 'अ'चं क्षणभर 'ब' होतं. ही अट घातली नाही तर निकाल लागता लागता मतं आपोआप बदलताना दिसतात, आणि एकदा लोकांना ते दिसलं की यंत्रावरचा विश्वास परत येत नाही.

चौकड्याचा शर्ट, खिडकीची जाळी, पंख्याची सावली यांतूनही कधीतरी मार्कर 'सापडतो'. वाटलेल्या क्रमांकांची यादी प्रोग्रॅमला द्या आणि यादीबाहेरचं सगळं टाकून द्या (उशिरा येणाऱ्यांच्या जादा कार्डांचा अपवाद शेवटी येईल). चूक-दुरुस्तीचं प्रमाण, म्हणजे नक्षीतल्या चुका किती चालवून घ्यायच्या ते, मूळ ०.६ असतं, ते ०.३वर आणलं की भुतं आणखी कमी होतात. एकाच फ्रेममध्ये एकच क्रमांक दोनदा दिसला तर कोणीतरी कार्डाची झेरॉक्स काढली आहे. तो क्रमांक मोजणीतून बाजूला ठेवा.

देवनागरीचं एक वेगळंच दुखणं आहे. ओपनसीव्हीची चित्रावर अक्षरं लिहिण्याची सोय फक्त रोमन अक्षरांची. मराठी लिहायला सांगितलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने देवनागरी उमटते, पण तिच्यासोबत राक्म हा अक्षरजुळणीचा भाग नसेल तर 'कि'ची वेलांटी 'क'च्या नंतर पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. सोपा मार्ग असा : प्रश्न आणि पर्याय नेहमीच्या स्लाइडमध्येच करा, स्लाइड चित्र म्हणून साठवा, आणि प्रोग्रॅमने त्या चित्रांवर फक्त पट्ट्या आणि ठिपके काढावेत. ० ते ९ हे देवनागरी आकडेही आधी चित्रं म्हणून करून ठेवले की काम भागतं. याचा दुसरा फायदा वक्त्याच्या भागात येतो.

श्रोत्याला काय कळायला हवं

मत देणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात : माझं कार्ड दिसलं का, बरोबर समजलं का, आणि आता बदलता येईल का. तिन्हींना पडद्यावर उत्तर नसेल तर लोक कार्ड हलवायला लागतात, उभे राहतात, शेजाऱ्याला विचारतात. आणि हलवल्यामुळे कार्ड आणखीच दिसेनासं होतं. गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, ओळखण्याच्या अचूकतेत नव्हे.

पहिल्याचं उत्तर क्रमांकांच्या जाळीत. मतदान चालू असताना पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात सगळे क्रमांक पोकळ चौकोनात दाखवा. मत नोंदवलं की चौकोन भरीव होतो. लाल-हिरवा फरक करू नका, काहींना तो दिसत नाही आणि फिक्या प्रोजेक्टरवर कोणालाच नीट दिसत नाही. पोकळ आणि भरीव पुरे. आकड्याची उंची सगळ्यात लांबच्या श्रोत्याच्या अंतराच्या दीडशेव्या भागाएवढी हवी : बारा मीटरला आठ सेंटिमीटर, पडद्यावर पट्टी लावून मोजलेली. एवढ्या आकारात साठ क्रमांक मावत नसतील तर भरलेले क्रमांक काढून टाका आणि राहिलेलेच दाखवा.

दुसऱ्याचं उत्तर पडद्यावर देता येत नाही, दिलं तर मत उघड होईल. म्हणून सुरुवातीला एक सरावाची फेरी घ्या : "सगळ्यांनी अ वर धरा. आता क." या फेरीत जाळीत भरीव चौकोनाच्या जागी संगणकाला समजलेलं अक्षरच दाखवा. या एका मिनिटात उलटं धरलेली, अंगठ्याने झाकलेली आणि खांबामागे गेलेली कार्डं सगळी उघडी पडतात.

तिसऱ्यासाठी मतदान बंद होण्याआधी दहा सेकंदांची आटणारी पट्टी. तिला आवाज नको.

चालू मतदानात पर्यायांची बेरीज कधीही दाखवू नका. 'ब'ची पट्टी वाढताना दिसली की उरलेली कार्डं 'ब'कडे वळतात.

वक्त्याच्या हातातलं

स्लाइड पुढे-मागे करणारा रिमोट संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसतो आणि बहुतेक वेळा पेज-डाउन, पेज-अप याच कळा पाठवतो. त्या कळा ज्या खिडकीवर फोकस असतो तिकडे जातात. सादरीकरणाचं सॉफ्टवेअर आणि मतदानाचा प्रोग्रॅम वेगवेगळे चालवले की वक्ता बटण दाबतो आणि भलतीच खिडकी हलते. स्लाइड चित्रं म्हणून तुमच्याच प्रोग्रॅममध्ये घेतल्या की ही कटकट संपते.

मतदानाच्या स्लाइडवर 'पुढे'चा अर्थ पायरीपायरीने बदलू द्या : पहिल्यांदा दाबलं की मतदान खुलं, दुसऱ्यांदा दहा सेकंदांची पट्टी सुरू, तिसऱ्यांदा निकाल, चौथ्यांदा पुढची स्लाइड. 'मागे' म्हणजे एक पायरी मागे, आणि निकालावरून मागे आलं तरी मतं पुसायची नाहीत. पुसण्यासाठी कीबोर्डवरची वेगळी कळ ठेवा, रिमोटवर नकोच. घामेजलेल्या हातात बटण दोनदा दाबलं जातं, म्हणून पाव सेकंदाच्या आतलं दुसरं दाबणं दुर्लक्षित करा.

लॅपटॉपचा पडदा आणि प्रोजेक्टर 'एक्स्टेंड' पद्धतीने जोडा. लॅपटॉपवर वक्त्याला कॅमेऱ्याचं चित्र, न दिसलेले क्रमांक आणि बंद होण्याआधीचा निकाल दिसू द्या. निकाल आधी कळणं ही वक्त्यासाठी मोठी सोय आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत याच टप्प्यावर निर्णय होतो : बरोबर उत्तरं तीस टक्क्यांहून कमी असली तर मुद्दा पुन्हा शिकवायचा, सत्तरहून जास्त असली तर थोडक्यात सांगून पुढे जायचं, आणि मध्ये असली तर निकाल न दाखवता शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालायला लावून पुन्हा मत घ्यायचं. त्यासाठी 'निकाल न दाखवता पुन्हा मतदान' अशी एक कळ हवीच.

मतदानाच्या पुढे : सगळ्यांनी मिळून एक काटा

कार्डाचा कोन चार कप्प्यांत न टाकता तसाच वापरला तर सगळं सभागृह मिळून पडद्यावरचा काटा फिरवू शकतं : आलेखावरचं वर्ष पुढे-मागे, नकाशा मोठा-लहान, किंवा 'पटतंय की नाही'चा सतत हलणारा निर्देशक.

कोनांची सरासरी नेहमीच्या पद्धतीने काढू नका. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे बरोबर उलटी दिशा. प्रत्येक कोनाचे साइन आणि कोसाइन वेगवेगळे बेरजेला घ्या आणि त्या बेरजांवरून कोन काढा.

काटा लगेच उडी मारू देऊ नका; प्रत्येक फ्रेमला नव्या आणि जुन्या जागेतल्या अंतराचा पाचवा भागच हलवा. कॅमेरा, हिशोब आणि प्रोजेक्टर मिळून थोडा उशीर होतोच. हा उशीर पाव सेकंदाच्या पुढे गेला आणि काटा चपळ असला, तर लोक काटा थांबला नाही असं समजून जास्त झुकतात, तो पुढे निघून जातो, मग सगळे उलट झुकतात, आणि काटा झोके घेत राहतो. झोके दिसले तर वेग आणखी कमी करा, किंवा काट्याऐवजी फक्त 'डावीकडे सरक, थांब, उजवीकडे सरक' एवढंच नियंत्रण द्या. फ्रेमचा आकार अर्धा करून हिशोबाचा वेळ वाचवायचा असेल तर लांबच्या रांगा गमावाव्या लागतात. तीसपर्यंत माणसं आणि लहान खोली असेल तरच तो सौदा करा.

त्या दिवशी

एक तास आधी पोचा. मागच्या रांगेचे दोन्ही कोपरे, पहिल्या रांगेचे दोन्ही कोपरे आणि मधलं एक आसन, एवढ्या पाच जागी बसून चारही बाजूंनी कार्ड धरून बघा, आणि दिवे कार्यक्रमात असतील तसेच ठेवून. जिथे दिसत नाही त्या खुर्च्या उचलून ठेवा. कार्यक्रम सुरू झाल्यावर माणसांना उठवणं जमत नाही.

कॅमेऱ्याचं चित्र साठवू नका, फक्त क्रमांक आणि अक्षर साठवा, आणि हे श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा. कार्डं खुर्च्यांवर आधीच ठेवली तर क्रमांक आणि माणूस यांची जोडी राहत नाही. गुप्त मतासाठी हे चांगलं, हजेरी किंवा गुणांसाठी नाही. तसं हवं असेल तर दारात यादीवर क्रमांक लिहून द्या.

उशिरा येणाऱ्यांसाठी दहा जादा कार्डं दारात ठेवा, पण त्यांचे क्रमांक यादीत आधीच घालू नका, नाहीतर जाळीत ते दहा चौकोन शेवटपर्यंत पोकळ राहतात आणि वक्ता उगाच वाट बघत थांबतो. दिसतील तसे ते यादीत येऊ द्या, तेही सलग दोन सेकंद दिसल्यावरच.